नकाराची किंमत कोणी द्यायची?

(मुक्त व्यवसाय करणाऱ्या तरुण चित्रकार, लेखक व अनुवादकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी मला दिलेला विषय वरवर पाहता अगदी खाजगी स्वरूपाचा वाटतो. एखाद्या चित्रकाराकडे वेष्टनाचे काम आले, एखाद्या लेखिकेकडे जाहिरातीचा मजकूर मागितला गेला, अनुवादकापुढे तीनशे पानांचे पुस्तक येऊन पडले. ते काम घ्यावे की न घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे, त्यात चार माणसांनी बसून चर्चा करण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. गिरणीतला कामगार काम थांबवतो तेव्हा तो सामाजिक प्रश्न होतो. चित्रकार एखादे मुखपृष्ठ नाकारतो तेव्हा ती त्याची लहर समजली जाते. हा भेद मला मान्य नाही. काम स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा प्रत्येक निर्णय हा श्रमाच्या विक्रीचा निर्णय असतो, आणि त्याचे परिणाम विकणाऱ्यापाशी थांबत नाहीत. म्हणूनच त्याचा विचार आपण उघडपणे, एकत्र बसून करावयास हवा.

'फ्रीलान्स' हा शब्द इंग्रजीत रूढ झाला तो वॉल्टर स्कॉटच्या १८१९ साली निघालेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीपासून. कोणत्याही सरदाराशी कायमचे न बांधलेले, जो पैसे देईल त्याच्यासाठी भाला उचलणारे सैनिक, असा त्याचा तेथील अर्थ. आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीला येई. शिलेदाराला मोकळीक अधिक होती, परंतु घोडा मेला तर नुकसानही त्याचेच. आजचा मुक्त कलावंत हा शिलेदार आहे. संगणक त्याचा, वीज त्याची, बसण्याची जागा त्याची आणि आजारपणही त्याचे. काम देणारा जेव्हा "तुम्ही काय, स्वतंत्र माणसे!" असे कौतुकाने म्हणतो, तेव्हा घोड्याच्या चंदीची जबाबदारी आपली नाही एवढेच तो सांगत असतो.

या शिलेदाराला दोन प्रकारचे उपदेश नेहमी केले जातात. पहिला व्यवहारी माणसांचा: पोटासाठी सर्व काही क्षम्य आहे, येईल ते काम घ्यावे आणि पुढे जावे. दुसरा तत्त्वनिष्ठांचा: कलावंताने बाजाराला विटाळू नये, मनाला पटेल तेवढेच करावे. पहिल्या उपदेशात विवेकाला जागा नाही, आणि दुसऱ्यात घरभाड्याला. दोन्ही उपदेश करणाऱ्यांचे पगार बहुधा महिन्याच्या एक तारखेला झालेले असतात.

तत्त्वनिष्ठांच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ब्रिटनमध्ये केन गार्लंड या संकल्पनकाराने १९६३ साली एक जाहीरनामा लिहिला आणि १९६४ साली तो २२ जणांच्या सह्यांनी प्रसिद्ध झाला. आपल्या व्यवसायातील कौशल्य क्षुल्लक वस्तूंच्या जाहिरातींवर उधळले जात आहे. ते शिक्षणाची साधने, पुस्तके, सार्वजनिक सूचनाफलक अशा टिकाऊ उपयोगाच्या कामांकडे वळवले पाहिजे, असा त्याचा आशय. मजूर पक्षाचे टोनी बेन यांनी तो 'गार्डियन'मधील आपल्या सदरात छापला. पुढे २००० साली ३३ जणांनी तो नव्या रूपात पुन्हा मांडला. त्यानंतर मिल्टन ग्लेझर या अमेरिकन चित्रकाराने १२ पायऱ्यांची एक यादी केली. फळीवर डबा आहे त्याहून मोठा दिसावा असे वेष्टन तुम्ही कराल का, ही पहिली पायरी. ज्या वस्तूच्या वापराने माणूस मरू शकतो तिची जाहिरात कराल का, ही शेवटची. आपण कोणत्या पायरीवर थांबणार, हे ज्याने त्याने आधीच ठरवून ठेवावे, हा त्यामागचा हेतू.

हे प्रश्न मोलाचे आहेत. पण सह्या करणाऱ्यांपैकी पुष्कळजण नावारूपाला आलेले होते. एक काम नाकारले तर दुसरे दाराशी येईल अशी त्यांची स्थिती होती. सांगलीहून वा नांदेडहून मुंबईला आलेल्या, तिघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलाची ती स्थिती नाही. घरचा संसार आटोपून रात्री अनुवाद करणाऱ्या बाईची नाही. ज्याच्या मागे वडिलोपार्जित घर नाही, जातीच्या गोतावळ्यातून येणाऱ्या ओळखी नाहीत, त्याची तर नाहीच नाही. नकार देण्याची ताकद समाजात समान वाटली गेलेली नाही. तेव्हा 'काय नाकारावे' या प्रश्नाबरोबर 'नकाराची किंमत कोणी द्यायची' हाही प्रश्न विचारला नाही, तर आपली चर्चा सुखवस्तू माणसांपुरतीच राहील.

समोर आलेल्या कामाला चार प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला प्रश्न पोटाचा. हे काम मला जगवते की मीच त्याला पोसतो? याचे उत्तर भावनेने देता येत नाही, हिशेबाने द्यावे लागते. समजा, एखाद्याच्या घराचा खर्च महिना ३० हजार रुपये आहे. वर्षाचे झाले ३ लाख ६० हजार. संगणक, वीज, इंटरनेट, दुरुस्ती यांसाठी ६० हजार धरा. आजारपण आणि म्हातारपण यांसाठी आणखी ६० हजार. एकूण ४ लाख ८० हजार. आता दिवस मोजू. रविवार, सण आणि आजारपण वजा जाता वर्षाचे सुमारे २८० दिवस उरतात. परंतु त्यातले कितीतरी दिवस काम शोधण्यात, दुरुस्त्या करण्यात आणि बिलासाठी खेटे घालण्यात जातात. ज्यांचे पैसे मिळतात असे १६० दिवस धरले, तर दिवसाची मजुरी ३ हजार रुपये पडते. पाच दिवसांचे काम पाच हजारांत घेणारा माणूस दहा हजार रुपये पदरचे घालतो, आणि वर काम देणाऱ्याचे आभार मानतो. आकडे ज्याचे त्याचे वेगळे असतील; पण हा हिशेब ज्याने एकदाही मांडलेला नाही, त्याच्या 'हो'ला आणि 'नाही'ला दोन्हीला अर्थ नाही.

येथे 'मानधन' या शब्दाविषयी बोलले पाहिजे. मराठी प्रकाशनव्यवहारात, सभासंमेलनांत आणि संस्थांत हा शब्द फार प्रिय आहे. त्यात मान आधी येतो आणि धन पुष्कळदा येतच नाही. सुताराला कोणी मानधन देत नाही, त्याला मजुरी मिळते. ती मागताना त्याला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याला अपमान वाटत नाही. तुम्हीही मजुरी मागा. "पैसे नाहीत, पण प्रसिद्धी मिळेल," असे जेथे सांगितले जाते तेथे एवढेच विचारावे की छापखान्याला आणि कागदवाल्याला प्रसिद्धीवरच भागवले आहे काय?

दुसरा प्रश्न मालकीचा. काम झाल्यावर ते कोणाचे राहणार? याबाबत आपल्यातील अज्ञान फार महागात पडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र, रंगचित्र वा व्यक्तिचित्र केले आणि वेगळा करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक काम देणारा ठरतो. लेख किंवा अनुवाद यांच्या बाबतीत, तुम्ही नोकरीत नसाल तर, आपल्या मजकुराचा हक्क प्रथम तुमचा असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांपुरता मानला जातो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. तसेच, करार करताना जे माध्यम व्यवहारात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यातील वापराचा हक्क आपोआप जात नाही, असे २०१२ च्या दुरुस्तीने ठरवले. म्हणूनच तर आजच्या करारपत्रांत 'ज्ञात आणि भविष्यात शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचे' अशी वाक्ये येऊ लागली आहेत! तुमची चित्रे किंवा तुमचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला शिकवण्यासाठी वापरण्याची मुभाही कधीकधी अशाच एखाद्या ओळीत दडलेली असते. ही ओळ खोडा, हा वापर वेगळा आणि त्याचा मोबदला वेगळा, असे सांगणे हा काम नाकारण्याचा प्रकार नव्हे. काम स्वीकारण्याचीच ती योग्य रीत आहे.

किंबहुना माझा सर्वांना आग्रह असा की उत्तरे दोन मानू नका, तीन माना: हो, नाही, आणि 'या अटींवर हो'. निम्मी आगाऊ रक्कम, दुरुस्त्या किती वेळा करायच्या याची मर्यादा, काम मध्येच रद्द झाले तर काय, आणि नाव छापले जाणार की नाही, एवढ्या चार गोष्टी कागदावर मागितल्या की पुष्कळशी वाईट कामे आपण होऊन निघून जातात. पैसे बुडण्याचे भयही कायद्याने थोडे कमी करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही नोंदणी करता येते. काम घेण्यापूर्वी अशी नोंदणी असेल तर खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. कायदा आपोआप चालत येत नाही हे खरे. परंतु बिलाच्या खाली नोंदणीक्रमांक आणि ही तरतूद लिहिलेली असणे व नसणे यांत फरक पडतो.

तिसरा प्रश्न परिणामाचा. माझे काम कोणाच्या अंगावर जाऊन पडणार आहे? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तंबाखूच्या जाहिरातींवर तर २००३ च्या केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे. तरीही त्याच नावाचा, त्याच रंगाचा, त्याच अक्षरवळणाचा पानमसाला किंवा वेलची जाहिरातींतून दिमाखात मिरवत राहिली. ते अक्षरवळण कोणीतरी काढते. ती चुरचुरीत ओळ कोणीतरी लिहिते. अशा आडमार्गी जाहिरातींना २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. पण कायद्याने मनाई करण्याची वाट कलावंताने का पाहावी? तोंडाच्या कर्करोगाने जबडा न उघडणारे रुग्ण ज्याने पाहिले आहेत, त्याला या कामाच्या मोबदल्यात कोणती रक्कम लिहावी हे सुचणार नाही. पीडितांना फसवणारी, एका समाजाला दुसऱ्याविरुद्ध चिथावणारी, कर्जबाजारी माणसाला आणखी कर्जात ढकलणारी कामे याच वर्गातली. येथे हिशेब संपतो. येथे नकार द्यावा, आणि तो द्यावा लागणार हे गृहीत धरून इतर कामांचे दर लावावेत.

चौथा प्रश्न शेजाऱ्याचा, आणि तोच आपण सर्वांत कमी विचारतो. मी हे काम या दराने घेतले तर माझ्यासारख्याच दुसऱ्याचे काय होते? शहराच्या नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या गवंड्याला आणि बिगाऱ्याला त्या दिवसाचा भाव ठाऊक असतो. कोणी त्याखाली जाऊ लागला तर बाकीचे त्याला अडवतात. आपल्या व्यवसायात मात्र एक चित्रकार दुसऱ्याला आपला दर सांगत नाही. जणू ते घराण्याचे गुपित आहे! याचा लाभ कोणाला होतो हे सांगावयास नको. "आधी नमुना करून दाखवा, पसंत पडला तर काम देऊ," असे दहा जणांना सांगून नऊ जणांची मजुरी फुकट घेतली जाते. यंत्राने केलेला कच्चा अनुवाद पाठवून "फक्त तपासायचा आहे" असे म्हणत अनुवादाच्या दराचा एक तुकडा देऊ केला जातो. वस्तुतः तो सबंध पुन्हा लिहावा लागतो. एकाने निमूटपणे हो म्हटले की उद्या तोच बाजारभाव ठरतो. अशा कामांना माझे उत्तर साधे आहे: लागणाऱ्या वेळेप्रमाणे पूर्ण दर, नाहीतर नाही.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. पुरोगामी चळवळी, पक्ष, संस्था, अनियतकालिके या सर्वांना भित्तिचित्रे हवी असतात, पुस्तिका हव्या असतात, गाणी हवी असतात. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हापासून महाराष्ट्रातील श्रमिकांच्या लढ्यांना कलावंतांचा हात लागलेला आहे. हे ऋण मोठे आहे. परंतु मोर्चाच्या ट्रकवाल्याला भाडे, मंडपवाल्याला भाडे, आणि चित्रकाराला मात्र "तुम्ही तर आपलेच," हा रिवाज श्रमाची प्रतिष्ठा सांगणाऱ्यांना शोभत नाही. चळवळीसाठी विनामूल्य काम जरूर करावे. ते कलावंताचे दान असते. पण दान हे देणाऱ्याने ठरवायचे असते. संस्थेने आपल्या जमाखर्चात त्या कामाचे मूल्य लिहावे आणि तितक्या रकमेची देणगी मिळाल्याचे मानावे. पैसे असतील तर द्यावेत, नसतील तर स्पष्ट सांगावे. आणि कलावंताने वर्षाचे किती दिवस असे द्यायचे हे वर्षाच्या आरंभी ठरवावे, म्हणजे पुढे कोणाला नाही म्हणताना मनात अपराधी भावना राहणार नाही.

हे सर्व ऐकून तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, "प्रश्न चारही पटतात, पण घरभाडे थकलेले असताना चौथ्या प्रश्नापर्यंत पोचायचे कसे?" हा आक्षेप रास्त आहे, आणि एकट्या माणसाला त्याचे पुरते उत्तर सापडत नाही. तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाकता आला तर नकाराला बळ येते; पण तो साठवता येईपर्यंत माणसाने काय करावे? अडचणीत सापडलेल्याने एखादे हलक्या दराचे काम घेतले म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. दोष द्यायचा तर त्याला एकटे सोडणाऱ्या व्यवस्थेला दिला पाहिजे, आणि ती बदलता येते याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

चित्रपटगीतांचे उदाहरण घ्या. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की निर्मात्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेल्या संगीतरचनेचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्यानंतर ३५ वर्षे गाणी वाजत राहिली आणि करणाऱ्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. एखाद्या गीतकाराने एकट्याने असा करार नाकारला असता तर निर्मात्याने दुसरा गाठला असता. मे २०१२ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आग्रहाने बाजू मांडली. चित्रपटातील गीत वा संगीत चित्रपटगृहाबाहेर वापरले गेले तर त्याच्या मानधनातील समान वाटा सोडून देण्याचा करारच आता गीतकाराला वा संगीतकाराला करता येत नाही. जो नकार एकेकट्याला परवडत नव्हता, तो कायद्याने सर्वांच्या वतीने दिला. अमेरिकेत २०२३ साली चित्रपट-दूरदर्शन लेखकांच्या संघटनेने १४८ दिवस संप केला. लेखकावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची सक्ती करता येणार नाही आणि यंत्राने तयार केलेला मजकूर दिला तर तसे सांगावे लागेल, अशा अटी त्यांनी करारात घालून घेतल्या. तेही मुक्त कलावंतच आहेत. एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जाणारेच आहेत.

आणि आपल्या महाराष्ट्राला तर बाहेर पाहण्याचीही गरज नाही. "ज्याचा एक मालक नाही त्याला भविष्यनिर्वाह निधी कसा द्यायचा?" हा प्रश्न आपल्या राज्याने १९६९ साली सोडवला आहे. बाजारपेठेत आज या दुकानात तर उद्या त्या वखारीत ओझी उचलणाऱ्या माथाडी कामगारांसाठी त्या वर्षी कायदा झाला. कामगार आणि मालक दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर मालकांकडून वेगळी आकारणी, जिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान यांची सोय. अण्णासाहेब पाटील आणि असंख्य हमालांनी लढून मिळवलेली ही व्यवस्था आहे. २०२० साली संमत होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मालक-नोकर नात्याबाहेरच्या कामगाराची व्याख्या आली. पण निधीची मुख्य तरतूद आहे ती मोबाइलवरील मंच चालवणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीची. प्रकाशकाकडून वा संस्थेकडून थेट काम घेणारा चित्रकार त्या रचनेत कडेलाच राहतो. पाठीवर ओझे वाहणाऱ्यांनी जे अर्धशतकापूर्वी मिळवले, ते लेखणी वाहणाऱ्यांना अशक्य का वाटावे? कदाचित आपण कामगार आहोत हे अजून आपल्याला पटलेले नसावे.

मंडळ उद्या होणार नाही. पण तीन गोष्टी आजच्या आज सुरू करता येतील. येथे जमलेल्यांनी गेल्या वर्षभरातील आपले दर एका कागदावर, हवे तर नाव न घालता, लिहून काढावेत आणि त्यावरून किमान दरांची यादी करावी. मराठीत, दोन पानांचा, कोणालाही समजेल असा एक नमुना-करार वकिलाकडून तपासून घ्यावा आणि सर्वांनी तोच वापरावा. आणि प्रत्येकाने झालेल्या बिलातून शेकडा दोन रुपये एका सामाईक निधीत टाकावेत. त्यातून अशा सभासदाला हातउसने मिळावेत, ज्याने वाईट काम नाकारले आणि ज्याचा त्यामुळे महिना कोरडा गेला.

या तिसऱ्या गोष्टीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. कोणी पानमसाल्याचे काम परत पाठवील, कोणी नऊ जणांच्या फुकट नमुन्यांत दहावा होण्याचे नाकारील, तेव्हा त्याच्या धैर्याची आपण स्तुती करू. स्तुती सोपी असते. त्याच्या त्या महिन्याच्या घरभाड्यात आपला वाटा किती, हे विचारणे अवघड असते. तो प्रश्न आज सभा संपण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावा, आणि वर्गणीची वही येथेच उघडावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.